लेकरू जेवलं का?

पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. निलंग्याकडच्या एका गावातलं जोडपं लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. आई अंगणवाडीत मदतनीस, वडलांची सात एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीन. बसल्या बसल्या आईनं कॅरीबॅगमधून एक वेणी काढली आणि टेबलावर ठेवली. एका टोकाला काळं रबर तसंच होतं. "बघा मॅडम. कागदं कापायच्या कात्रीनं कापली. लहानपणापास्नं मी तेल लावून वाढवली हो ही."

लेकरू सोळा वर्षांचं. अकरावीला, ट्यूशन एरियातल्या मुलींच्या होस्टेलवर राहून नीटची तयारी करणारं. वेणी कापली म्हणून वॉर्डननं फोन केला, आई-वडील धावत गेले. तेव्हा ते एवढंच म्हणालं, "मला मुलगी म्हटलं की कसंतरी होतं. कधी कधी वाटतं, मी मुलगा आहे. नक्की माहीत नाही."

यातलं "नक्की माहीत नाही" दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. मी तीनदा विचारलं तेव्हा आईला आठवलं.

(गावाचे, घराचे तपशील बदललेत. लेकराला विचारूनच लिहितेय. त्याची अट एकच होती: "मला 'ती' लिहू नका, 'तो'पण नको. माझंच अजून ठरायचंय." मराठीनं सोय करून ठेवलेली आहे, म्हणून इथं ते लेकरूच.)

वडलांचे प्रश्न ठरलेले होते. असे पालक आले की हेच विचारतात. मोबाईलमुळे झालं का? होस्टेलवर कुणाची संगत लागली का? आम्ही लहानपणी पॅन्ट-शर्ट घातले म्हणून का? असं एक कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही. पॅन्ट-शर्ट घालून वाढलेल्या हजारो पोरी आपल्या आसपास आहेत, त्यांना असं काही वाटत नाही. मोबाईलमधून लेकराला शब्द मिळतात, हे खरं. पण जे वाटत होतं ते त्याआधीचं होतं. शाळेत गॅदरिंगला साडी नेसवली तेव्हा ते ताप आल्याचं सोंग करून घरी आलं होतं. आईला तो ताप लख्ख आठवत होता, सोंग होतं हे माहीत नव्हतं.

"मग औषध?" वडील म्हणाले.

आजारच नाही तर औषध कशाचं? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ही गोष्ट मानसिक आजारांत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच सांगितलंय की आपली लिंगओळख काय, हे ज्याचं त्यानं सांगायचं. आणि कुणी "सरळ करून देतो" म्हणून पैसे मागितले तर उठून चालू लागा. असल्या 'उपचारा'ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय. हे मी जरा चढ्या आवाजात बोलते, कारण तिथून पोळून आलेली पोरं मी पाहिली आहेत.

वडलांची खरी भीती वेगळीच होती. आपण ऐकून घेतलं म्हणजे होकार दिला, उद्या ऑपरेशनच्या कागदावर सही मागतील. सोळाव्या वर्षी कुणी कसलीच सही मागत नव्हतं. काही मुलांचं हे वाटणं पुढे पक्कं होतं, काहींचं बदलतं, आणि कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. मलाही नाही. तोवर लेकरू घरी बोलतं राहिलं पाहिजे, एवढंच काम होतं.

आणि तेच बिघडलं होतं. होस्टेलवरून परतल्या रात्री वडलांनी मन हलकं करायला थोरल्या भावाला फोन केला. भावानं तोडगा काढला: स्थळ बघू, लग्न लावून देऊ, सगळं जागेवर येईल. सोळाव्या वर्षी लग्न लावणं गुन्हा आहे, हे त्यांना कुणी सांगायचं! भावाकडून बातमी आत्याकडे, आत्याकडून तिच्या पोराकडे. दुसऱ्या दिवशी लेकराच्या मोबाईलवर त्या आतेभावाचा मेसेज आला, "काय भावड्या, दाढी आली का?" त्या दिवसापासून ते मेसवर जेवायला जाईना.

लेकरू एकटं भेटायला आलं तेव्हा मीही माती खाल्ली. "तू लहान होतीस तेव्हा..." एवढंच बोलले आणि समोरचं तोंड मिटलं. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी जीभ सवयीनं वळते. मी तिथंच चूक कबूल केली. बऱ्याच वेळानं ते म्हणालं, "तुम्ही निदान सॉरी तरी म्हणालात."

मग मी सरळच विचारलं, मरून जावं असं मनात येतं का? पालक हे विचारायला घाबरतात, विचारलं तर डोक्यात येईल म्हणून. विचारल्यानं येत नाही. असलं तर बाहेर पडतं. ते म्हणालं, "झोपलो की सकाळ होऊच नये, असं वाटतं." 'झोपलो' म्हणालं. मी ते नुसतं ऐकलं, त्यावर काही बोलले नाही. आई-वडलांना यातलं काय सांगायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

हे ऐकल्यावर वडील बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. त्यानंतर 'लोक काय म्हणतील' हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आईची अडचण अगदी रोजच्या बोलण्यातली होती, आणि मला तीच मोठी वाटते. "मॅडम, 'आलास' माझ्या तोंडातून निघंना. 'आलीस' म्हणलं की ते तोंड फिरवतंय. मग बोलूच नको का?"

इंग्रजीत एक शब्द बदलला की भागतं. आपल्याकडे क्रियापद न् क्रियापद समोरच्याला बाई की बाप्या ते सांगतं. पण वाटाही मराठीतच आहेत. 'जेवलीस का' ऐवजी 'जेवण झालं का'. 'कुठं चाललीस' ऐवजी 'कुठं निघायचंय'. 'तू सांगितलंस', 'तू केलंस', इथं तर काही बदलावंच लागत नाही. आम्ही वहीत दहा-बारा वाक्यं लिहिली. मधेच आई थांबली आणि हसली. "अहो, मी तर त्याला लेकरूच म्हणते की. लेकरू जेवलं का, लेकरू आलं का. जन्मल्यापास्नं." वही मिटली.

वडलांना मी म्हटलं, समोर बसवून विचारू नका, पोलीस चौकशी वाटते. गाडीवर मागं बसवा आणि गावाकडं निघा. तोंड दिसत नाही, त्यामुळं दोघांनाही सोपं जातं. काय बोलायचं ते त्यांनी माझ्यासमोर म्हणून बघितलं. पहिल्या खेपेला "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं..." असं सुरू झालं. मी थांबवलं. चौथ्या खेपेला जमलं: "तू सांगितलंस ते बरं केलंस. मला अजून कळंना. पण तुझ्या काकाला सांगितलं, ते माझं चुकलं." औशाच्या पुढे कुठंतरी ते म्हणाले म्हणे. मागून उत्तर आलं नाही, पण खांद्यावर हात आला.

आजीला कुणी सांगितलं नव्हतं, तिला आपोआप कळलं. आईला भीती होती की पोर उद्या आराध्यांत जाऊन बसेल. त्याचा आणि याचा संबंध नाही, हे मी समजावत होते, पण आजीचं बोलणं जास्त कामी आलं. त्यांच्या गावात तुळजाभवानीचा एक आराधी होता, साडी नेसायचा, मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागायचा. "पाया सगळे पडायचे त्याच्या," आजी म्हणाली, "पण त्याच्या स्वतःच्या घरात त्याला पान वाढत नव्हते. आपल्या घरात तसं नको."

वेळ अमावस्येला सगळं कुटुंब शेतात जमतं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. काका येणार होते. लेकरानं आधीच आईला विचारलं, शर्ट-पॅन्ट घालून येऊ का, नाहीतर होस्टेलवरच थांबतो. आईनं वडलांना विचारलं, वडलांनी मला फोन केला. मी म्हटलं, तुमचं शेत आहे, तुम्ही ठरवा.

पंगत बसली. काकांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे काय ध्यान?"

वडील भज्जीचं पातेलं घेऊन वाढत होते. तसेच पुढे आले. "दादा, सरक जरा," म्हणाले, "लेकराला बसू दे. भज्जी गार व्हायलीय."