ठुशी कोणाची, समई कोणाची? घरातल्या वस्तूंचं मृत्युपत्र

प्रश्न: माझं वय ७८. यजमान नाहीत. दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं आहेत. ठुशी, पाटल्या, पैठण्या, पितळी समया, तांब्याचं घंगाळ यातलं कोणाला काय ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. तेवढं चालेल का? की स्टॅम्प पेपर आणून नोंदणी करावीच लागेल?

उत्तर: स्टॅम्प पेपर लागत नाही, पण नुसती वहीही चालत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार नसतील तर ती वही कोणावर बंधनकारक नाही. मग हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे तिन्ही मुलांना सारखा वाटा मिळतो. सुनेला त्यात काही नाही, आणि तुमची मुलं हयात असताना नातवंडांनाही नाही. म्हणून सुनेला, नातीला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा, नाहीतर आत्ताच हातात द्या. दागिना स्वतः सोपवला की दान पूर्ण होतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिलं तरी चालतं. तुमची सही दोन्ही साक्षीदारांनी पाहावी आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. साक्षीदार तुमच्याहून तरुण निवडा. पुढे कोर्टात गेलं तर त्यांच्यापैकी एकाला तरी उभं राहावं लागतं. ज्याला वस्तू मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्यानं देणं रद्द होत नाही, पण वाद झाला की संशय तिथूनच सुरू होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, आणि तुमची मनःस्थिती ठीक असल्याचं त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.

खरी भांडणं होतात ती वर्णनावरून. ‘माझ्या पाटल्या नातीला’ असं लिहिलं आणि पाटल्यांचे दोन जोड निघाले, नातीही दोन, तर काय करणार? असं लिहा: ‘सोन्याच्या पाटल्या, एक जोड, वजन ४२.३ ग्रॅम, आतून “ल” कोरलेला, छायाचित्र क्र. ३, नात अमुक (पूर्ण नाव, जन्मतारीख) हिला.’ वजन ग्रॅममध्येच लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या व्यवहारातला १० ग्रॅमचा. जुन्या पावतीतले पाच तोळे आज काट्यावर ५८ ग्रॅम भरले की घरात नको ती कुजबुज सुरू होते. खड्यांच्या दागिन्यात खड्यांसकट आणि खडे सोडून, अशी दोन्ही वजनं सराफाकडून लिहून घ्या. समईची उंची लिहा. भांड्यांवर घातलेलं नाव जसंच्या तसं उतरवा.

ते नाव नीट वाचाही. घंगाळावर यजमानांचं नाव असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर ते घंगाळ एकट्या तुमचं नाही. तुम्ही फक्त आपला हिस्सा देऊ शकता. माहेरहून आलेलं, लग्नात मिळालेलं ते स्त्रीधन. त्यावर पूर्ण हक्क तुमचाच.

वहीतली यादी वाया जाणार नाही. ‘सोबतची अमुक तारखेची यादी’ असा उल्लेख मृत्युपत्रात केला आणि यादी त्याआधी लिहून झालेली असेल, तर ती मृत्युपत्राचाच भाग ठरते. पण नंतर त्यात खाडाखोड केली तर ती धरली जात नाही. बदल हवा असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा, पुन्हा दोन साक्षीदारांसह. आणि शेवटी ‘वर न लिहिलेल्या सर्व वस्तू अमुक यांना’ हे वाक्य विसरू नका. विसरलेला अडकित्ता त्यात बसतो.

प्रश्न: आजीनं मृत्युपत्रात मोहनमाळ मला लिहिली होती. नंतर तिनं ती मोडून बांगड्या केल्या. सोनं तेच आहे, मग बांगड्या माझ्या ना?

उत्तर: नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्ये कलम १५२ खाली जवळजवळ हेच उदाहरण दिलं आहे: सोन्याची साखळी एकाला लिहून दिली, नंतर तिचा पेला करून घेतला, तर मृत्युपत्रातलं ते देणं संपलं. बांगड्या मृत्युपत्रात न लिहिलेल्या, उरलेल्या वस्तूंत जातात. ‘ही मोहनमाळ, किंवा ती मोडून केलेला दागिना’ असं लिहिलेलं असतं तर वाचलं असतं. तिथंच दुसरं उदाहरण आहे, अमुक घरात मृत्यूसमयी असलेलं सगळं सामान देण्याचं. मृत्युपत्र करणारा सामानासकट दुसऱ्या घरी राहायला गेला, की तेही देणं संपतं. उतारवयात मुलाकडे राहायला जाणं नेहमीचंच, म्हणून देणं पत्त्याला बांधू नये, वस्तूला बांधावं.

प्रश्न: आजीचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, नॉमिनी काका आहेत. मृत्युपत्रात ठुशी मला आहे. ती कोणाची?

उत्तर: ठुशी तुमची. नॉमिनीला लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेता येतात, त्यामुळे तो मालक होत नाही. लॉकर उघडताना बँक साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी करते. त्या यादीची प्रत काकांकडून मागून घ्या.

प्रश्न: देवघरातली पितळी मूर्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. परदेशात स्थायिक झालेल्या नातवाला ती मृत्युपत्रानं देता येईल?

उत्तर: देता येईल, पण त्याला ती देशाबाहेर नेता येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या मूर्तीची खासगी निर्यात बंद आहे. ऐतिहासिक, साहित्यिक मोलाच्या हस्तलिखित पोथीसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशा मूर्तीची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद असेल तर ते प्रमाणपत्र मृत्युपत्राला जोडा, आणि मूर्ती इथं कोण सांभाळणार त्याचं नाव लिहा.