राहेल की रेचल?

नाशिकरोडच्या एका बाईंचा प्रश्न आलाय. त्यांना मुलगी झाली. सासूबाई म्हणतात राहेल, नवरा म्हणतो रेचल. ही नावं दोन की एकच? नाव बायबलातलंच हवं का? आणि इंटरनेटवरच्या याद्यांत जिथे तिथे ‘देवाची देणगी’ हा अर्थ दिसतो, तो खरा मानायचा का?

नाव एकच. मूळ हिब्रूत मधलं अक्षर घशातून खरवडून काढलेल्या ‘ह’सारखं आहे. ग्रीकमध्ये ते ‘ख’कडे झुकलं, लॅटिनमध्ये ‘सीएच’ असं लिहिलं गेलं आणि इंग्रजांनी आपल्या सवयीनं त्याचा ‘च’ केला. मराठी बायबलात राहेलच आहे. तेव्हा सासूबाईंचं रूप जुनाट वाटलं तरी मुळाला तेच जास्त धरून आहे.

अर्थ मात्र मेंढी! लगेच नाक मुरडू नका. आपल्याकडे ‘मेंढरू’ हा टोमणा असला, तरी कळप हीच ज्यांची दौलत त्यांना त्यात वावगं काय वाटणार? बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात राहेल बापाची मेंढरं घेऊन विहिरीवर येते आणि तिथेच तिचा होणारा नवरा याकोब तिला पहिल्यांदा पाहतो. अशी नावं आणखीही आहेत. दबोरा म्हणजे मधमाशी. तबीथा आणि दुर्कस ही तर एकाच बाईची नावं, एक अरामी, एक ग्रीक. अर्थ दोन्हींचा हरिणी.

‘देवाची देणगी’ हा अर्थ डोरोथी आणि थिओडोरा यांना शोभतो. तेच दोन ग्रीक शब्द, फक्त उलटसुलट जोडलेले. हन्ना म्हणजे नुसती कृपा. अलीशिबा, म्हणजे आपली एलिझाबेथ, हिचा अर्थ साधारण ‘माझा देव हीच शपथ’. मरिया आणि रिबका यांच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथे जी यादी ठासून एकच अर्थ सांगते, तिच्यावर मी तरी विसंबणार नाही.

गंमत पुढे आहे. हन्नाचा ‘ह’ ग्रीकमध्ये गळाला, अ‍ॅना झाली आणि स्पॅनिशमध्ये लाडानं अनिता. रीटा हे मार्गारिटाचं शेपूट, अर्थ मोती. आयरिश शीला निघाली सिसिलियापासून, जिच्या मुळाशी ‘आंधळा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपली शीला ‘शील’ या शब्दावरून आलेली. हजेरीपटावर दोघी शेजारी बसल्या तर कुणाची कुठली, ओळखून दाखवा!

बायबलातलंच नाव हवं, असं काही नाही. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेतलं ८५५ वं कलम एवढंच सांगतं की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तरी त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. नाशिकमधलं शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत, पण तिचं नाव अस्सल संस्कृत वळणाचं.

आता जन्मदाखल्याचं. तिथे नाव मराठीत आणि इंग्रजीतही येतं. राहेल ठरलं, तर रोमन अक्षरांत आर-ए-एच-ई-एल लिहा. ‘सीएच’ घातलंत की शाळेतल्या बाई पहिल्याच दिवशी तिला रेचल म्हणणार, आणि सासूबाई घरी तुम्हाला विचारणार.