दगड रंग बदलतो, म्हणजे रंगवलेलाच का?

प्रश्न: प्रदर्शनातून हॅकमनाइट म्हणून एक पांढरट दगड घेतला. यूव्ही टॉर्च मारला की नारिंगी चमकतो, बंद केला की जांभळा दिसतो आणि गॅलरीत उन्हात ठेवला की परत पांढरा! घरचे म्हणतात रंग लावून गंडवलंय. आणि असला दगड सह्याद्रीत मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, गंडवलेलं नाही. लावलेला रंग उन्हात उडेल, पण टॉर्च मारून परत कसा येईल? हॅकमनाइट म्हणजे किंचित गंधक असलेला सोडालाइट, म्हणजे सोडियम आणि क्लोरीन असलेलं एक खनिज. यूव्ही (अतिनील प्रकाश) पडला की गंधकाकडचा एखादा इलेक्ट्रॉन सुटतो आणि क्लोरीनची जागा रिकामी असेल तिथे जाऊन बसतो, तिथे बसला की तो हिरवा-पिवळा प्रकाश खातो म्हणून आपल्याला जांभळं दिसतं. उन्हात यूव्ही असतो, पण साधा उजेड त्याहून कितीतरी जास्त, तो इलेक्ट्रॉनला पुन्हा हाकलतो. झालं, पांढरा! ग्रीनलंडमध्ये खनिजतज्ज्ञ गिझेकेने 1806 सालीच हे पाहिलं होतं, ताजा फोडलेला गुलाबी तुकडा उजेडात फिका पडताना.

तिथला इलिमाउसाक नावाचा खडकांचा पट्टा म्हणजे तर कहर आहे. साधारण 116 कोटी वर्षांपूर्वीचा शिलारस, सोडियम भरमसाट आणि सिलिका तुटपुंजी, त्यामुळे गारगोटी (ती निव्वळ सिलिकाची) बनलीच नाही, कमी सिलिकावर भागणारी नेफेलिन आणि सोडालाइट ही खनिजं बनली. सोडालाइट हलका, तो रसात तरंगत वर छताखाली साचला, त्या खडकाला नाउजाइट म्हणतात, आणि खाली तळाशी काकोर्टोकाइट या खडकाचे थर, त्यात खनिजांचे पट्टे, काळा आर्फवेडसोनाइट, लाल युडियालाइट, पांढरा फेल्डस्पार, पुन्हा काळा, असे एकावर एक. एरवी झिर्कोनियम या धातूचं झिरकॉन हे खनिज होतं, इथे ते या लाल युडियालाइटमध्ये गेलंय. मला विचाराल तर रंग बदलण्यापेक्षा हे जास्त भारी आहे.

सह्याद्रीचं म्हणाल तर आशा सोडा. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट आणि गारगोटी मिळते, आणि जिथे गारगोटी तिथे सोडालाइट नांदत नाही. जवळचं ठिकाण राजस्थानात, किशनगढचा नेफेलिन सायनाइट (गारगोटी नसलेला, नेफेलिनचा खडक), त्यातल्या सोडालाइटचा रंग उजेडात उडतो हे 1904 मध्येच छापून आलंय. गुजरातेत छोटा उदेपूरजवळचं अंबाडुंगर नकाशावर जवळ वाटेल, तेही अल्कलाइन (सोडियम-पोटॅशियम भरपूर असलेल्या) खडकांचंच, पण तिथे मुख्यतः कार्बोनाटाइट हा कार्बोनेटचा खडक आणि फ्लोराइट.

आणि हो, खात्री करायला ॲसिड टाकू नका, सोडालाइट त्यात विरघळतो. तापवूही नका, रंग बदलणं कायमचं बंद पडू शकतं.