संगणकावरून टपालखर्च छापण्याची, म्हणजे तिकिटाऐवजी शुल्क भरल्याची खूण छापण्याची, सोय अमेरिकेत सर्वप्रथम स्टॅम्प्स डॉट कॉमनेच आणली का?

नाही, हा मान तिच्या एकटीचा नाही. अमेरिकी टपाल खात्याने ऑगस्ट १९९९ मध्ये ई-स्टॅम्प आणि स्टॅम्प्स डॉट कॉम या दोन्ही कंपन्यांना एकाच वेळी व्यावसायिक परवानगी दिली, आणि चाचणीपुरती परवानगी तर ई-स्टॅम्पला मार्च १९९८ मध्येच मिळाली होती. गैरसमजाचे कारण उघड आहे: या दोघींपैकी टिकली ती स्टॅम्प्स डॉट कॉम. ई-स्टॅम्पच्या ग्राहकाला आगाऊ भरलेली रक्कम साठवणारे एक छोटे उपकरण संगणकाला जोडावे लागे. उलट, १९९६ मध्ये ‘स्टॅम्पमास्टर’ या नावाने सुरू झालेल्या स्टॅम्प्स डॉट कॉमने ती शिल्लक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, त्यामुळे ग्राहकाला सॉफ्टवेअर व साधा प्रिंटर एवढ्यावरच पाकिटावर बारकोडयुक्त टपालखूण छापता येऊ लागली. माझ्या मते खरा फरक इथेच पडला. पुढे २००१ मध्ये ई-स्टॅम्पचे नाव आणि पेटंटेही तिनेच विकत घेतली. मात्र २०२१ मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक संस्थेने ही कंपनी सुमारे ६.६ अब्ज डॉलरला घेतल्यानंतर मूळ कंपनीचे नाव ‘ऑक्टेन’ झाले असून स्टॅम्प्स डॉट कॉम ही आता तिची केवळ एक सेवा आहे.