तुमचे प्रश्न : दिवा हिरवा, तरी प्रिंटर ऑफलाइन

ताई, घरासाठी वायरलेस प्रिंटर घ्यायचाय. मुलीच्या शाळेचे प्रकल्प, माझे अर्ज-बिलं आणि कधीमधी फोटो एवढंच काम. दुकानदार म्हणतो इंक टँक घ्या, मित्र म्हणतो लेझरशिवाय काही बघूच नका. कोणाचं ऐकू?

आधी मला सांगा, प्रिंटर न वापरता सलग किती दिवस पडून राहणार आहे? महिन्याला किती पानं काढता हे सगळेच विचारतात, पण घरातले इंकजेट बिघडतात ते बहुतेक नुसते पडून राहिल्यामुळे. कागदावर शाई फवारणाऱ्या हेडची भोकं केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या तोंडाशी शाई वाळते. मोठी टाकी बसवली म्हणून नळ तुंबायचा थांबत नाही, तसंच इंक टँकचं आहे. शाई स्वस्त पडते, वाळायची ती वाळतेच. लेझरचा टोनर म्हणजे कोरडी भुकटी. तो महिनोन्महिने पडून राहिला तरी पहिलं पान स्वच्छ निघतं.

तुमच्याकडे शाळेचे प्रकल्प आहेत, म्हणजे रंग हवेत. साधा लेझर फक्त काळं छापतो. रंगीत लेझरला चार टोनर लागतात, जागाही जास्त लागते आणि त्यावरचे फोटो मला तरी कधी आवडले नाहीत. तेव्हा इंक टँक घ्या, पण आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान काढायचं, सुट्टीतही. हे जमणार नसेल तर मित्राचं ऐका, काळा लेझर घ्या आणि फोटो स्टुडिओतून काढून आणा. लेझर घेतलात तर एक पथ्य पाळा: तो यूपीएसवर लावू नका. भुकटी कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो आणि तो तापताना विजेचा मोठा झटका घेतो. संगणकाचा छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो.

खोक्यावर दोन-तीन गोष्टी बघा. एअरप्रिंट आणि मोप्रिया ही नावं असली पाहिजेत. पहिलं ॲपलच्या फोनसाठी, २०१० पासून आहे. दुसरं मुख्यतः अँड्रॉइडसाठी, २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून सुरू केलेलं. ही दोन्ही असली की कंपनीचं ॲप न टाकता फोनवरून प्रिंट निघते. साधं पान काढायला खातं उघडायला लावणारी ॲप्स मला अजिबात पटत नाहीत. काही मॉडेलं तर इंटरनेट सतत जोडलेलं हवं आणि कार्ट्रिज कंपनीचंच हवं या अटीवरच चालतात. ही अट बारीक अक्षरात असते, ती वाचा. ‘इतकी पानं निघतात’ या आकड्याच्या खाली तो ज्या चाचणीने काढला तिचा आयएसओ क्रमांक असतो. काळ्या लेझरसाठी तो १९७५२. त्या चाचणीचं पान सुमारे पाच टक्केच काळं असतं, म्हणून घरी तेवढी पानं निघाली नाहीत तर नवल नाही. शिवाय नव्या लेझरसोबत येणारा टोनर बरेचदा अर्धवट भरलेला असतो. दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय मात्र सोडू नका.

वाय-फायवर जोडलेला प्रिंटर वीज जाऊन आली की लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दाखवतो. प्रिंटरवरचा दिवा मात्र हिरवा असतो आणि फोनवरून प्रिंट व्यवस्थित निघते. ड्रायव्हर (लॅपटॉपवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला की काही दिवस चालतो, मग पुन्हा तेच. प्रिंटर बदलू का?

अजिबात नको. फोनवरून प्रिंट निघते हे तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. प्रिंटर, शाई, वाय-फाय सगळं ठणठणीत आहे. लॅपटॉप तेवढा चुकीच्या पत्त्यावर हाका मारतोय.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता असतो. वीज गेली की राउटरही बंद पडतो, परत आल्यावर सगळी यंत्रं एकदम पत्ता मागू लागतात आणि कालचा ५ आज टीव्हीला जाऊन प्रिंटरला ८ मिळू शकतो. फोन दर वेळी ‘प्रिंटर कोण आहे?’ असं नव्याने विचारतो, म्हणून त्याला काही फरक पडत नाही. विंडोजने मात्र प्रिंटर बसवताना बरेचदा आकडाच लिहून ठेवलेला असतो. ड्रायव्हर पुन्हा टाकलात की नवा आकडा लिहिला जातो आणि पुढची वीज जाईपर्यंत सगळं सुरळीत. ड्रायव्हरचा यात काडीचाही दोष नाही, पण शिक्षा कायम त्यालाच.

खात्री करून घ्या. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारं पान काढा. पडदा नसेल तर कुठली बटणं दाबायची ते पुस्तिकेत सापडेल. त्यावरचा आयपी पत्ता आणि लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’खाली दिसणारा पत्ता शेजारी ठेवा. वेगळे निघाले की चोर सापडला.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट निराळी. प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. मग आधी राउटर सुरू करा, तो पुरता जागा झाल्यावर प्रिंटर.

पक्का इलाज राउटरमध्ये आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ शोधा आणि प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे (म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोही त्याच पानावर छापलेला असतो) एक आयपी राखून ठेवा. नंतर लॅपटॉपवर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ जोडून तोच आकडा द्या. काही जण प्रिंटरच्याच पॅनेलवरून एखादा आकडा कायम करून टाकतात. राउटर तोच आकडा उद्या दुसऱ्या कुणाला देऊन बसला की दोघांची टक्कर होते. मी कचेरीत यंत्रं सांभाळत होते तेव्हा प्रत्येक प्रिंटरच्या कुशीला त्याच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवायचे. घरीही तसं करा, पुढच्या वेळी शोधाशोध वाचते.

एवढं करूनही ऑफलाइनच दिसला तर त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून बघा. त्यातून विंडोज प्रिंटरला ‘कसा आहेस?’ असं विचारत असतं. प्रिंटरने या प्रश्नाला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला खुशाल ऑफलाइन ठरवतं. यादीत ‘कॉपी १’ नावाचा जुळा भाऊ दिसतोय का, तेही पाहा. प्रिंट त्याच्याकडे जात असेल. विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर स्वतः ठरवू देणारी सेटिंग मी दिसेल तिथे बंद करते. ती चालू असली की शेवटी जिथे प्रिंट दिली तोच डीफॉल्ट होतो, मग तो पीडीएफ बनवणारा का असेना. आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू असेल तर घरचा प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो. ते बंद करून एकदा प्रिंट द्या.

नवा राउटर आल्यापासून प्रिंटरला आमचं वाय-फाय दिसतच नाही. फोनला मात्र दिसतं.

घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नव्या राउटरमध्ये तो पट्टा बंद असेल तर चालू करा. ५ चं आणि २.४ चं नाव एकच असेल तर प्रिंटर जोडण्यापुरती नावं वेगळी करा. राउटरमध्ये वाय-फायची सुरक्षा पद्धत फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ वर ठेवलेली असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही, ‘डब्ल्यूपीए २/३’ निवडा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर जोडू नका. तिथली यंत्रं सहसा एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

इंक टँक प्रिंटरवर पानभर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग सारखं करतोय, फरक पडत नाही, शाई मात्र झरझर उतरते.

उतरणारच! क्लीनिंग म्हणजे भोकांतून शाई ओढून काढणं. ती सगळी आतल्या पॅडमध्ये जाते आणि ते पॅड भरलं की प्रिंटर कामच थांबवतो. एकदा क्लीनिंग, मग ‘नॉझल चेक’चं पान (कुठली भोकं बंद आहेत ते दाखवणाऱ्या रेघांचं), फार तर आणखी एकदा, आणि मग प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा. वाळलेली शाई ओलाव्याने सुटायला वेळ लागतो. सकाळी पुन्हा नॉझल चेक. तुटलेल्या रेघा कमी झाल्या असतील तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. जशाच्या तशा असतील तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

तुम्ही प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करता का? मला तसा दाट संशय आहे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते. मधेच वीज तोडली तर ते उघडंच राहू शकतं.

मराठी अर्जाची पीडीएफ पडद्यावर नीट दिसते, कागदावर मात्र जोडाक्षरं फुटतात. प्रिंटरला मराठी येत नाही का?

पडद्यावर नीट आहे म्हणजे फाइल बरी आहे, अक्षरं प्रिंटरकडे जाताना गडबड होते. अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंट देताना ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा. मग अक्षरांऐवजी पानाचं चित्र जातं. थोडा वेळ लागतो, पण जोडाक्षरं शाबूत राहतात. पडद्यावरच चौकोन दिसत असते तर मात्र अर्ज पाठवणाऱ्याला फॉन्ट आत बसवून पीडीएफ पुन्हा करायला सांगावं लागलं असतं.