कापलं तर तपासायचं

प्रिय पोरी,

काल रात्री तू पाठवलेले फोटो मी उघडले नाहीत, उघडणारही नाही. रागवू नकोस. पोटरीवरचा तीळ डॉक्टरांनी काढला, टाके घातले, तुकडा बाटलीत घालून लॅबला पाठवला. आता तिथं टाक्यांशिवाय बघण्यासारखं काही नाही. बाकीच्या तिळांचं म्हणशील, तर जन्म हिस्टोच्या, म्हणजे अंगातले काढलेले तुकडे तपासायच्या लॅबमध्ये गेला तरी फोनवरच्या फोटोत तीळ ओळखणं मला जमलेलं नाही. फोन आपल्या मर्जीनं उजेड धरतो, रंग चढवतो, उतरवतो. सकाळी खिडकीत तपकिरी दिसलेला तीळ रात्री ट्यूबच्या उजेडात काळा दिसतो आणि तू दोन वाजता मला लिहितेस, मावशी, रंग बदलला.

तुझा घोळ मला कळलाय. आई म्हणते, अशा जागी लोखंड लागलं की आजार अंगभर पसरतो, एक काढलास तेवढं बस झालं. रूममेट म्हणते, पार्लरमध्ये लेझरनं सगळेच जाळून घे, डोक्याला ताप नको. तुला दोघींचंही पटतं, म्हणून झोप नाही. माझ्या मते दोघी एकाच जागी चुकतात. दोघींच्या बोलण्यात मायक्रोस्कोप कुठंच नाही.

नोकरीभर मी एकच गोष्ट घोकत आले. कापलं तर तपासायचं. तपासायचं नसेल तर कापायचं नाही. कॉलेजातली पोरं याच वाक्यावरून माझी नक्कल करायची. करू देत.

आधी आईच्या भीतीचं. सुरी लागली म्हणून कॅन्सर पसरत नाही. आपल्याकडं माणसं दवाखान्यात जातातच उशिरा. तुकडा काढतात तेव्हा आजार आधीच पुढं सरकलेला असतो आणि आळ येतो सुरीवर. मेलानोमाचा, म्हणजे तिळासारख्या दिसणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचा, दाट संशय असला तरी पहिली पायरी हीच असते: तीळ शक्यतो अख्खा, कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. तो किती खोल गेलाय त्यावर पुढचं बरंच ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं 1970 साली ही खोली मिलिमीटरमध्ये मोजून दाखवली, आजही तीच मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक रुग्ण नुसतं कापून काढल्यावर बरे होतात. आता तुझ्या रूममेटला विचार, लेझरनं जाळलेल्या तिळाची खोली कोण मोजणार? पार्लरच काय, जत्रेत चुना-सोडा लावून मस जाळणारे आणि गावात बिब्बा घालणारे, सगळे एका माळेचे मणी. बिब्बा उतला की तीळ राहतो बाजूला, वीतभर कातडी सोलून निघते, आणि तपासायला काही उरत नाही.

तुझा तुकडा सध्या कुठल्या हालचालीत असेल ते सांगते, म्हणजे डोक्यातली चित्रं जरा कमी होतील. बाटलीत फॉर्मॅलिन असतं, दहा टक्क्यांचं. त्यात मांस सडत नाही, घट्ट होतं. मग त्याचे काप घेऊन ते रात्रभर मशीनमध्ये फिरतात: आधी अल्कोहोल, मग झायलिन, शेवटी वितळलेलं मेण. त्याचा ब्लॉक होतो. ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमला, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राला लावायचा आणि चाक फिरवायचं. चार-पाच मायक्रॉनचे काप एकाला एक चिकटून मेणाची फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की खालून काच तिरकी सरकवून उचलायची. या वेळी पंखा बंद हवा, नाहीतर फीत उडते. मे महिन्यात अंबाजोगाईला पंखा बंद करून, घाम ब्लॉकवर पडू नये म्हणून मान बाजूला धरून मी फिती काढल्यात. नंतर दोन रंग द्यायचे. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. तिळातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, मात्र रंग न देताही तपकिरीच असतं. कधी ते इतकं दाट असतं की त्याच्याआड पेशी दिसत नाहीत. मग विहिरीत टाकतात तेच पोटॅशियम परमँगनेट वापरून रंग उतरवावा लागतो. कधी ब्लॉक परत लावून आणखी खोलातले काप घेतात, कधी खास स्टेन करतात, कधी सर म्हणतात, मॅडमना दाखवून मगच सही करू. या सगळ्याला दिवस लागतात. म्हणून रिपोर्टला उशीर म्हणजे वाईट निघालं, हा हिशोब सोडून दे.

रिपोर्ट यायच्या आत मी कुणालाही लॅबच्या खिडकीत काही तोंडी सांगितलं नाही. माणसं हात जोडायची, मावशी नुसती मान हलवा, हो का नाही तेवढं. मी मान हलवली नाही. मला दगड म्हणायचे, आमच्या घरातलेही म्हणायचे. पण मी काप काढणारी, काच वाचणारी नव्हे. अर्धवट बघून जीव भांड्यात पाडला असता आणि दुसऱ्या दिवशी कागदावर वेगळं निघालं असतं, तर त्या घराचं काय झालं असतं? आजही मान हलवणार नाही. तुझ्यासाठीही नाही, आणि तू माझी किती लाडकी आहेस ते तुला माहीत आहे.

भांडणंही केली. बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन भरून यायचं, कारण सलाइन हाताशी असतं. तुकडा विरघळायला लागलेला, वास सुटलेला. तसल्या बाटल्या मी शेरा मारून वर पाठवायची. एक सर्जन होते, हात चांगला, पण बारीकसारीक गाठी आणि मस काढून सरळ बादलीत टाकायचे. "अहो बाई, तीस वर्षं झाली बघायलोय, डोळ्यानं कळतं." मी म्हणायची, साहेब, डोळ्यानं कळतं तर कापलं कशाला? माझी बदलीची फाइल तेव्हा फिरली होती म्हणतात. फिरू दे. त्यांना नव्याण्णव वेळा डोळ्यानं कळत असेलही. बाटली शंभराव्यासाठी असते.

माझ्या मामाच्या टाचेवर काळा डाग होता. अनवाणी शेतकरी माणूस, बाभळीचा काटा मोडून राहिला असेल असं सगळ्यांनी धरलं. मग म्हणाले कुरूप आहे. गावात एक जण कुरपं काढायचा, त्यानं ब्लेडनं कापलं, वर हळद भरली आणि तुकडा उकिरड्यावर फेकला. तो परत उगवला, परत कापला. मला कुणी कळवलं नाही. 'पोरीला कशाला त्रास.' पोरगी रोज तेच काम करत होती. जांघेत गाठ आल्यावर त्यांना माझ्याकडं आणलं, तेव्हा काच बघणाऱ्या मॅडम बराच वेळ मायक्रोस्कोपवरून मान वर करेनात. उकिरड्यावर गेलेल्या त्या पहिल्या तुकड्याचा मला अजून राग येतो. वाक्य घोकणं तेव्हापासूनचं आहे, म्हणून तू हसलीस तरी मी घोकणार.

तू बॉब मार्लेचं पाठवलं होतंस. 1977 मध्ये निदान, 1981 मध्ये माणूस गेला, वय 36. वाचून तुझे हातपाय गार पडले. पण नीट वाच की! त्याचा मेलानोमा पायाच्या बोटाच्या नखाखाली होता आणि फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून तो अंगावर काढला गेला. सावळ्या-काळ्या माणसांत मेलानोमा मुळात फार कमी. भारतात वर्षाला लाखात एकालाही होत नाही. झालाच तर आपल्याकडं तळपाय, तळहात, नखं इथं असण्याचं प्रमाण मोठं, आणि या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तू रात्री जे आकडे वाचतेस ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या देशांतले असतात. ऑस्ट्रेलियात हा आजार जगात सगळ्यात जास्त. ते आकडे केजच्या पोरीला लावून काय उपयोग? पाठीवरचे तीळ आरशात बघून मान मोडून घेतेस, पण तळपाय शेवटचा कधी पाहिलास?

आणखी एक. बहुतेक मेलानोमा जुन्या तिळातून निघत नाहीत, तिथं आधी काहीच नसतं. म्हणजे अंगावरचे सगळे तीळ काढून घेतलेस तरी त्यातून संरक्षण मिळत नाही, मिळतात ते व्रण. मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ असणं सर्वसाधारण आहे, आणि तुझ्या वयात नवे येणंही. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं उजेडाचं भिंग लावून बाकीचे बघितले आणि 'राहू दे' म्हणाले ना? मग राहू दे. तपासायचं नसेल तर कापायचं नाही, हा माझ्या वाक्याचा दुसरा अर्धा आहे, तो मुद्दाम तुझ्यासाठी.

आता रोजच्या बघण्याबद्दल, इथं मी जरा कडक बोलणार. पेरलेलं बी रोज उकरून बघणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही. तू मानेवरचा तीळ चाचपतेस, खरवडतेस, तो लाल होतो, कधी रक्त येतं, मग 'रक्त आलं' म्हणून शोधतेस. रक्त तुझ्या नखानं काढलंय! बघितलं की तासभर बरं वाटतं आणि परत बघावंसं वाटतं. प्रत्येक वेळी तो तास आखूड होत जातो, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बघायचं तर महिन्यातून एकदा बघ, अंघोळीनंतर, दिवसाच्या उजेडात: तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, मग बाकीचं. दोन्ही अर्धे सारखे नाहीत, कड फाटकी, एकाच तिळात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा, ही यादी तुला पाठ आहे. मी त्यात दोनच गोष्टींना जास्त किंमत देते: काही आठवडे-महिन्यांत खरंच बदलत गेलेला, आणि तुझ्या बाकीच्या तिळांच्या घराण्यात न शोभणारा. नखाखाली काळी रेघ आपल्या कातडीत पुष्कळांना असते. ती एकाच नखावर नव्यानं येऊन रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर दाखवायची. असं काही दिसलं तर महिन्याची वाट बघू नकोस. नाही दिसलं तर पुढच्या महिन्यापर्यंत विषय बंद.

बंद होतच नसेल, अभ्यासाचे तास त्यात जात असतील, तर तोही आजारच आहे आणि त्यालाही डॉक्टर असतात. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तुझ्या रूमपासून रिक्षानं जाशील. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 लाव, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला तरी कळत नाही.

रिपोर्टमध्ये 'नीव्हस' असा शब्द दिसला तर तो तिळाचंच शास्त्रीय नाव आहे. त्या 'नीव्हस'च्या आधी 'ॲटिपिकल' किंवा 'डिस्प्लास्टिक' असं काही लिहिलं असेल तरी तो कॅन्सर नव्हे. कड मोकळी आहे का, म्हणजे तीळ पुरता निघाला का, थोडं आणखी काढायचं का, एवढंच डॉक्टरांना विचारायचं. आणि शंका राहिलीच तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घे, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवता येतात. आपली माणसं देवगिरी एक्स्प्रेसनं टाटाला जातात, बार्शीच्या नर्गिस दत्तला जातात, कागदांचा गठ्ठा नेतात आणि ब्लॉक घरी विसरतात. मग तिथून फोन येतो आणि कुणीतरी रात्रीच्या गाडीनं ब्लॉक घेऊन पळतं. कागदावर दुसरं मत मिळत नाही, ते काचेवर मिळतं.

आता माझं एक काम कर. गेल्या वेळी तुझी आई आमच्याकडं पाणी भरत होती तेव्हा तिच्या कमरेवर परकराच्या नाड्याच्या जागी काळा जाड पट्टा दिसला, आणि एका बाजूला चीर पडलेली. विचारलं तर म्हणाली, उन्हाळ्यात होतं असं. टाटा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच लिहून ठेवलंय की धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेला अशाच जागी कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. साडीवाल्यांतही तो पाहिलेला आहे. दुर्मीळ आहे, तिला भिववू नकोस. बहुतेक नुसतं घासून झालेलं असेल. पण तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायचीच असते, मग ती कमरेवर असो नाहीतर चुलीच्या जुन्या भाजल्या व्रणावर. तुझे टाके काढायला जाशील तेव्हा तिला सोबत ने. नाडा सैल आणि रुंद वापरायला सांग, रोज जागा थोडी वर-खाली कर म्हणावं. डॉक्टर तुकडा काढायचा म्हणाले तर ती लोखंडाचं काढेल. तेव्हा वाद घालत बसू नकोस, मला फोन जोडून दे. माझं ऐकते ती. पूर्वी तरी ऐकायची.

तुझी,
मावशी