पत्रमित्र की लेखणीमित्र?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या वर्गातली मुलं परदेशातल्या मुलांना पत्रं लिहिणार आहेत, आणि वर्गाबाहेर तसा फलक लावायचाय. 'पेनफ्रेंड'ला 'लेखणीमित्र' म्हणावं की 'पत्रमित्र', मुलींसाठी काय लिहावं, आणि 'अंतरराष्ट्रीय' बरोबर की 'आंतरराष्ट्रीय', असं त्यांनी विचारलंय.

पत्रमित्रच म्हणा. 'लेखणीमित्र' हा पेनफ्रेंडचा शब्दाला शब्द ठेवून केलेला अनुवाद आहे आणि तो मराठी कानाला भलतंच काहीतरी सांगतो. आपल्याकडे लेखणी म्हटलं की लिहिण्याचा व्यवसाय डोळ्यांपुढे येतो. लेखणीवर पोट भरणारा, लेखणी झिजवणारा, बोरूबहाद्दर, ही सगळी लेखक-कारकुनांची वर्णनं. त्यात 'सर्पमित्र', 'वृक्षमित्र' हे शब्द इतके रुळलेत की लेखणीमित्र म्हणजे लेखणीवर प्रेम करणारा माणूस, असंच कुणालाही वाटेल.

मग त्याच हिशेबानं पत्रमित्र म्हणजे पत्रांवर प्रेम करणारा होत नाही का? व्याकरणानं होऊ शकतो. पण मराठीत 'मित्र'ची दुसरी एक रांग आहे: बालमित्र, लंगोटीमित्र. बालमित्र म्हणजे बालपणापासूनचा मित्र, लंगोटीमित्र म्हणजे लंगोटी नेसायच्या वयापासूनचा. मधले शब्द गाळलेले असतात, ऐकणारा ते मनातल्या मनात भरून घेतो. शाळेत ज्याला मध्यमपदलोपी समास म्हणतात तो हाच, कांदेपोह्यांचा. पत्रांतून झालेला मित्र तो पत्रमित्र. तो या रांगेत सहज बसतो आणि वापरानं पक्काही झालाय. जर्मन लोकही पेन सोडून पत्रच धरतात, त्यांच्या शब्दाचा सरळ अर्थ पत्रमित्र असाच आहे.

हा शब्द मला जवळचा आहे. 1987 साली, आम्ही शिवाजी पेठेत राहत असताना, शाळेतल्या बाईंनी मला इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या एका मुलीचा पत्ता दिला. तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, की आमच्या गावात दोन नद्यांच्या संगमावर, बागेत, एका भारतीय राजाचा पुतळा आहे, तो तुमच्याकडचा का? तो आमचाच. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले आणि त्या संगमावरच त्यांचं दहन झालं. मी पंचगंगेच्या घाटाचं वर्णन करून उत्तर लिहिलं.

पुढच्या एका पत्रात मी तिला विचारलं, तुमच्याकडे पेनफ्रेंडला काय म्हणतात? तिनं कळवलं, 'अमिका दि पेन्ना'. आणि पत्राच्या कडेला एका पिसाचं चित्र काढून खाली लिहिलं, की 'पेन्ना' म्हणजे पेन आणि पीससुद्धा. युरोपात शेकडो वर्षं पिसांनीच लिहीत, इंग्रजी 'पेन' आलाय तो याच लॅटिन शब्दावरून. पुढे मोठेपणी संस्कृत कोश चाळताना 'पत्र' शब्दापाशी मी थांबले. पत्र म्हणजे झाडाचं पान हे ठाऊक होतं, बेलपत्र, भूर्जपत्र रोजचेच. पण पत्र म्हणजे पंख, पीस असाही अर्थ तिथे होता. पक्ष्याला संस्कृतात 'पत्ररथ' म्हणतात, पंख हाच ज्याचा रथ. 'पत्' म्हणजे उडणं किंवा पडणं, त्यावरून पत्र, त्यावरूनच पतंग. आणि भाषाशास्त्रज्ञ लॅटिन 'पेन्ना'ही उडण्याच्या याच प्राचीन धातूपर्यंत नेतात. म्हणजे त्यांचं पेन आणि आपलं पत्र मुळात एकाच पंखाची. फ्लॉरेन्सच्या मुलीनं काढलेलं ते पीस मी अजून जपून ठेवलंय.

माझ्या आजीला यातला एकही शब्द लागला नाही. तिच्या बोलीत पत्राला 'कागद' म्हणत. पोस्टमन येऊन गेला की ती विचारायची, "काय म्हणतीया तुझी कागदावरची मैतरीण?" इतका नेमका शब्द मला कुठल्याच कोशात सापडलेला नाही.

मुलींसाठी 'पत्रमैत्रीण' लिहा. मूळ रूपात 'त्री' दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व: पत्रमैत्रीण, पण पत्रमैत्रिणीला, पत्रमैत्रिणींचं. फलकांवर ही चूक फार दिसते.

आता आंतर की अंतर. मराठीत 'आंतर' जोडला की दोहोंमधला, एकमेकांमधला: आंतरजातीय, आंतरशालेय, तसंच आंतरराष्ट्रीय. 'अंतर्' म्हणजे आतला: अंतर्मन, अंतर्गत. टपालाचं ते निळं पत्र देशातल्या देशात जातं, म्हणून अंतर्देशीय. त्याला सर्रास 'आंतरदेशीय' म्हणतात, पण तो शब्द देशादेशांमधल्या पत्राला शोभेल. मी पहिलं पत्र त्या निळ्या कागदावरच लिहून पोस्टात नेलं होतं. खिडकीतले काका म्हणाले, "बाळ, ह्ये देशातच जातंय. परदेशाला एरोग्राम घे." मी घरी येऊन सगळं पत्र पुन्हा एरोग्रामवर उतरवून काढलं. अंतर् आणि आंतर यांतला फरक मला त्या दिवशी कळला तो कायमचा.

बोलताना मुलं पेनफ्रेंड म्हणाली तर म्हणू द्यात, तोही आता मराठीच झालाय. फलकावर मात्र मित्र की मैत्रीण हा पेच टाळायचा असेल, तर नातंच लिहा: 'आंतरराष्ट्रीय पत्रमैत्री'.